आप्पांच्या धयकाल्यासाठी कॅमेरा कुठला?

पुणे,
दिवाळी पाडवा

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या शूटवर होतो, नीट बोलता आलं नाही. आप्पांनी हा धयकाल्याचा, म्हणजे जत्रेतल्या दशावताराचा, शेवटचा हंगाम म्हटलंय, एवढं मात्र ऐकलं आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. आपण शाळेत होतो तेव्हापासून आप्पांना लुगड्यात, बायकांच्या भूमिका करताना बघत आलोय. ते उभे राहिले की अख्खं देऊळ गप्प व्हायचं. तू त्यांच्यावर फिल्म करतोयस याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगायचं राहून गेलं, म्हणून हे सविस्तर पत्र.

तू विचारलंस, पतसंस्थेचं कर्ज काढून सोनीचा एफएक्स ३ घेऊ का. माझं उत्तर आहे, घेऊ नकोस. कॅमेरा वाईट आहे असं मुळीच नाही, काळोखात त्याच्यासारखा दुसरा शोधावा लागेल. पण तुझ्याकडे शाळेच्या कार्यक्रमांसाठी घेतलेला झेडव्ही-ई १० आहे, आणि तुला खरी कमतरता आहे ती कानांची, म्हणजे आवाजाच्या सामानाची, लेन्सची आणि चांगल्या स्टँडची. कर्जाचे सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात, गेले तर या तिन्हींसाठी काही उरणार नाही.

२०११ची ती जत्रा आठवते? मी भाड्याचा डीएसएलआर घेऊन आलो होतो. २००८ साली निकॉनचा डी९० आणि कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्र निघायला लागलं, तेव्हापासून आपण दोघं त्या वेडात होतो. पहाटे तीनच्या सुमाराला आप्पांची तारामती रोहिदासाला मांडीवर घेऊन बसली होती. मृदंग थांबला होता, फक्त पेटीचा सूर धरलेला. आणि कॅमेरा बंद पडला. बिघाड काही नव्हता. त्या पिढीच्या कॅमेऱ्यांची फाइल ४ जीबीला अडायची, आणि फुल एचडीत ४ जीबी भरायला साधारण १२ मिनिटं लागायची. मला ते ठाऊक होतं, पण मीही बघण्यात हरवलो होतो. लाल ठिपका गेलेला दिसला तोवर आप्पा उठून उभे राहिले होते.

त्याहून मोठं दुःख पुण्याला येऊन झालं. जेवढं मिळालं होतं त्याचा आवाज ऐकला. कॅमेऱ्याचा माइक ऑटोवर होता. झांज झणाणली की तो आवाज एकदम खाली ओढायचा, आणि त्याच क्षणी आप्पा बोलत असले तर त्यांचं वाक्य बुडायचं. मग सगळं शांत झालं की हळूहळू आवाज वर चढवायचा, आणि त्याबरोबर ‘सूंऽऽ’ असा फुसफुसाट. आप्पांचा हुंदका त्या फुसफुसाटाखाली गेला तो गेलाच. चित्रात थोडे दाणे दिसले तर माणूस बघतो रे, पण शब्द कळला नाही तर बघणं सोडून देतो. त्यात दशावताराची संहिता कुठे लिहिलेली नसते. आप्पा त्या रात्री जे बोलतील ते त्या रात्रीचंच, दुसऱ्या जत्रेत ते तसं येणार नाही.

म्हणून पहिली खरेदी रेकॉर्डरची. झूमचा एफ ३ नावाचा तळहाताएवढा डबा २०२२ साली आला. दोन एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या जाड वायरीचे, माइक लागतात आणि तो ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटणच नाही. संकासुराची, म्हणजे काळ्या कपड्यांतल्या राक्षसाची, आरोळी आणि तारामतीचं पुटपुटणं, दोन्ही एकाच फाइलमध्ये शाबूत राहतात. घरी येऊन एक खाली ओढ, दुसरं वर घे. एकट्याने शूट करणाऱ्याला याच्याइतकी मोठी सोय गेल्या दहा वर्षांत झालेली नाही असं मला मनापासून वाटतं. फक्त एक ध्यानात ठेव, माइकच फाटला तर रेकॉर्डर काही करू शकत नाही, तेव्हा माइक झांजेच्या तोंडाशी लावू नकोस. एक शॉटगन माइक, समोरचाच आवाज धरणारा, मंचाच्या पुढच्या कडेला, आप्पांच्या बाकाच्या रोखाने, खाली फोमचा तुकडा घालून, नाहीतर फळ्यांवरचा पाय न पाय ऐकू येईल. दुसऱ्या तोंडाला जत्रेतल्या साउंडवाल्याच्या मिक्सरची लाइन घे. त्याला आधी चहा पाज आणि दोन दिवस आधीच बोलून ठेव.

आणि आप्पांच्या अंगावर एक कॉलर माइक हवाच. पण कॉलरला नाही! छातीवर दागिने आहेत, प्रत्येक हालचालीला खुळखुळणार. नाटकवाले लावतात तसा केसांच्या कडेला, टोपाच्या आत, कपाळाच्या वर. रोडच्या वायरलेस गो टूचा ट्रान्समीटर स्वतःमध्येही आवाज साठवतो आणि त्याची बॅटरी सात तास जाते. हे महत्त्वाचं, कारण जत्रेत हजारभर मोबाइल असतात आणि त्या गर्दीत वायरलेस तुटतं. तुटलं तरी आतली फाइल असते. आप्पा तोंड रंगवत असताना त्यांना माइक लावायचं काम तूच कर, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. त्या वेळी ते कुणाशी बोलत नाहीत, तुला माहीतच आहे.

कॅमेरा, रेकॉर्डर आणि माइक या तिघांची घड्याळं वेगळी, रात्रभरात ती एकमेकांपासून थोडी थोडी सरकतात. दर आख्यानाच्या मध्यंतरात तिन्ही चालू असताना एक मोठी टाळी वाजव. एडिटला त्या टाळीवर तिन्ही जुळवशील तेव्हा माझी आठवण काढशील.

आता काळोखाचं. एफएक्स ३ला दोन मूळ आयएसओ, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेच्या पातळ्या, आहेत, ८०० आणि १२,८००. म्हणजे १२,८००वरही चित्र जवळजवळ स्वच्छ. त्याचा धाकटा भाऊ एफएक्स ३०, २०२२चा. त्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी, आणि दुसरा आयएसओ २,५००. फरक दोन स्टॉपांपेक्षा जरा जास्त, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. पण एफ २.८च्या झूमऐवजी जास्त उजेड आत घेणारी एफ १.४ची लेन्स लावली की दोन स्टॉप परत मिळतात. सिग्माची ५६ मिमी एफ १.४ छोटी आहे, तुझ्या झेडव्ही-ई १०ला आजच बसते, उद्या एफएक्स ३० घेतलास तर त्यालाही बसेल. लोक म्हणतील एफ १.४वर फोकस राहत नाही. मी हिशोब केला, आठ मीटरवरून या लेन्सने एफ १.४वर साधारण एक मीटरभर खोली फोकसमध्ये राहते. दशावताराच्या मंचावर असतं काय? एक बाक. त्या बाकावर बसलेला राजा आणि बाजूला उभी राणी त्या मीटरभरात सहज मावतात. बॉडीवरचा खर्च लेन्सवर कर म्हणतो ते यासाठी.

तू पॅनासॉनिकचंही विचारलं होतंस. जीएच ५ मी वर्षानुवर्षं वापरतोय, २०१७ साली ४-केत १०-बिटचं, म्हणजे जास्त रंगछटांचं, चित्र आतल्या आत रेकॉर्ड करून देणारा तो कॅमेरा दणकट आहे आणि तासन्‌तास चालतो. पण त्याचं ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतं, अंधारात पुढेमागे शोधत राहतं. एस५ टूमध्ये, २०२३ साली, त्यांनी फेज डिटेक्शन, म्हणजे न शोधता थेट नेम धरणारं ऑटोफोकस, आणलं, पंखाही बसवला. तो उत्तम आहे. फक्त त्याच्या एल-माउंटच्या लेन्स आपल्याकडे भाड्याने मिळणं कठीण, सोनीच्या कोल्हापूर-पणजीतही मिळतात. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४-केचे रंग मला फार आवडतात, आणि त्याबरोबर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचा पूर्ण परवाना मिळतो. पण बॅटरी तासभरही टिकत नाही, चालत्या माणसावर फोकस धरून ठेवणारं ऑटोफोकस नाही, आणि दाबून दाबून रेकॉर्ड केलं तरी तासाला शंभरेक जीबी. जाहिरातीच्या सेटवर ठीक, पहाटेपर्यंत एकट्या माणसाला नाही.

गिंबल नको. ड्रोन नको.

माझी योजना अशी. झेडव्ही-ई १० हा तुझा पक्का कॅमेरा. तो मधोमध, प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिसेल इतका उंच, ट्रायपॉडवर बांधून टाक. बाक आणि दोन्ही विंगा फ्रेममध्ये. पॉवर बँक लाव, कारण त्याची बॅटरी लहान आहे. मेनूमध्ये तापमानाची मर्यादा ‘हाय’वर ठेव आणि स्क्रीन बॉडीपासून बाहेर उघडून ठेव म्हणजे गरम कमी होईल. फ्रेम रेट २५च ठेव, ३०वर त्याचं ४-के चित्र कापलं जातं. त्यात लॉग, म्हणजे रंग नंतर एडिटमध्ये चढवायचे असं फिकट चित्र, वापरू नकोस. तो ८-बिट आहे, प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या. लॉगमध्ये काळोख ताणायला गेलास की संकासुराच्या काळ्या अंगरख्यावर पट्टे उठतील. १०-बिटला १,०२४ पायऱ्या असतात, तिथे लॉग शोभतो.

आणि आपल्या गावच्या जत्रेच्या दोन रात्रींसाठी एफएक्स ३ भाड्याने आण. कर्ज लागत नाही. तो मोनोपॉडवर, तुझ्या हातात, आप्पांच्या चेहऱ्यावर. दोन्ही सोनी, एफएक्स ३ची लेन्स झेडव्ही-ई १०लाही बसते. हंगाम संपल्यावर, फुटेज बघून, शांतपणे ठरव की बॉडी घ्यायची का. तेव्हा मी एफएक्स ३० सुचवीन.

शटर १/५०. हे कागदावर लिहून कॅमेऱ्याला चिकटव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, १/६०वर ठेवलंस तर मागच्या पडद्यावरून पट्टे सरकत जाताना दिसतात. एकदा ते आले की कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाहीत. व्हाइट बॅलन्सही हाताने लावून कुलूपबंद कर. मंचावर एका बाजूला पिवळा हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूला निळसर एलईडी असतो, ऑटोवर ठेवलास तर आप्पा बाकावरून उठून चार पावलं चालले की त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलेल. त्यांनी तासभर आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने लावलेला रंग आहे तो. तो जसा आहे तसा दिसायला हवा.

संकासुर आला की कॅमेरा गडबडतो. काळे कपडे, मागे काळोख, म्हणून मीटर म्हणतो उजेड वाढव, आणि मग जिभेचं लाल फडकं आणि बाजूच्या ब्राह्मणाचं धोतर जळून पांढरं होतं. एक्स्पोजर ब्राह्मणाच्या चेहऱ्यावर लाव आणि काळा काळाच राहू दे.

दिवसाच्या शॉट्ससाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, विसरू नकोस. दुपारी पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी देवळाच्या वाटेने येतात ना, तो शॉट मला हवाय. लॉगमध्ये आयएसओ ८००, शटर १/५० आणि एफ २.८ धरलंस तर भर उन्हात नऊ स्टॉप उजेड जास्त होतो, म्हणजे ५१२ पट. शटर वाढवून भागवू नकोस, पावलं तुटक दिसतात.

कार्डांचा हिशोब: एफएक्स ३ वर २५ फ्रेम्सला १४० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेसतरा मेगाबाइट, तासाला ६३ जीबी. पाच तासांचे ३१५. व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट) लिहिलेली कार्डं पुरतात, महागड्या व्ही९०ची गरज नाही. मात्र कार्डं ओळखीच्या दुकानातून घे. सकाळी दहीकाला झाला की झोपायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर उतरव. एक तुझ्याकडे, दुसरी ताईकडे कुडाळला. कार्ड पुसायचं ते दोन्ही उघडून बघितल्यावरच.

लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायची नाही, भुकटी आत जाते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा तरी काढून वापर. आपल्या दमट हवेत बुरशी काचेवर जाळं विणते, आणि ते खरवडून निघत नाही, काचेचा लेप खाऊन टाकते.

आता एक काम उद्यापासून सुरू कर. त्याला यातलं काहीच लागत नाही. तुझा फोन आणि खिडकीचा उजेड पुरे. आप्पा लुगड्यांच्या घड्या घालतात, दागिने पुसून ठेवतात, गुडघ्याला तेल लावतात, ते सगळं घे. त्यांना काही विचारू नकोस, आपोआप बोलतील तेवढं बोलू दे. त्रिपुरी पौर्णिमेला पंधरा दिवसही नाहीत, एकदा जत्रा सुरू झाल्या की ते रोज रात्री बाहेर असतील आणि दिवसा झोपलेले.

मी जत्रेच्या आदल्या रात्री निघतो. माझा फ्लुइड हेडचा ट्रायपॉड, शॉटगन आणि हेडफोन आणतोय. त्या दोन्ही रात्री आवाजाकडे मी बसेन, तू फक्त आप्पांकडे बघ. या वेळी रेकॉर्डरचा लाल दिवा माझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही.

काकूंना नमस्कार सांग, आप्पांना साष्टांग. आणि देवळात गेलास की मंचापासून जवळचा प्लग पॉइंट किती हात लांब आहे ते मोजून कळव, त्या मापाची वायर इथूनच घेऊन येतो.

तुझाच,
मित्र