रंग नव्हे, खड्डा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजीतल्या फोंताइन्हास आणि मळा या जुन्या वस्त्या वाचवण्याविषयीचा अर्ध्या पानाचा लेख कालच्या अंकात वाचला. छायाचित्र सुरेख: पिवळी भिंत, लाल खिडकी, खाली पहुडलेले मांजर. मजकुरातही रंग, बाल्कांव (दारापुढचे बैठकीचे सोपे) आणि शिंपल्यांची तावदाने यांचे कौतुक ओसंडून वाहते आहे. जमिनीखाली काय चालते त्याबद्दल मात्र एक ओळ नाही. 'विकास आणि वारसा यांचा समतोल साधायला हवा' हे वाक्य शेवटी आहेच. ते नसले तर असे लेख छापत नाहीत बहुधा.

जुन्या वस्तीत नवी घरे नकोतच, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. कोसळलेल्या घराच्या जागी दोन मजली, कौलारू, चार बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली तर काही बिघडत नाही. त्या चार बिऱ्हाडांच्या चार गाड्यांसाठी तळघर खणायला घेतात, तिथे सगळे बिघडते.

ही वस्ती आल्तिनो टेकडीचा उतार आणि रुआ द ओरेमची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. मूळची माडांची बाग, त्यात भराव. वरून टेकडीचे पाणी येते, मळ्यातला झरा, फेनिक्सची झर, ही त्याचीच खूण, आणि खालून भरतीचे. त्यामुळे थोडे खणले की पाणी लागते. गाडी खाली उतरवायची तर छताची उंची, तुळया आणि राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग थर) धरून बारा-तेरा फूट तरी खोल जावे लागते. शेजारच्या जुन्या घराचा पाया तीन-चार फुटांवर संपलेला असतो, तोही चुन्यामातीत बसवलेल्या दगडांचा. त्यावर दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती. असल्या भिंतीला ओझ्याचे काही वाटत नाही. पण पाया एका बाजूने इंचभर खचला, की ती सरळ फाटते.

दोन वर्षांमागे मळ्यातल्या एका गल्लीत हेच झाले. एप्रिलमध्ये खड्डा घेतला, रात्रंदिवस पंप चालू. गटारात येणारे पाणी दुधाच्या चहासारखे होते. कोणालाच त्याचे काही वाटले नाही. तो गाळ म्हणजे शेजारच्या भिंतीखालची बारीक माती होती, पंपाबरोबर ती रोज वाहून जात होती. मे अखेर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी तिरकी भेग निघाली. मग पाऊस लागला आणि खड्डा तसाच उघडा राहिला. गणेशचवथीपर्यंत त्या भेगेत रुपयाचे नाणे उभे राहू लागले. ठेकेदाराने काय केले? भेगेत सिमेंट भरले, वरून सिमेंटचा गिलावा मारला आणि लेखातल्या चित्रासारखा झकास पिवळा प्लास्टिक पेंट लावून दिला. समोरून पाहणाऱ्याला वारसा अगदी ठणठणीत!

चिरा ओल ओढतो आणि उन्हात ती बाहेर सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की ओल आतच राहते, भिंतीत वर चढते आणि आतला गिलावा, दाराच्या चौकटी, मजल्याच्या लाकडी तुळयांची टोके कुजवते. कळीचा चुना निदान पंधरा दिवस भिजवून, एकास तीन वाळू घेऊन, पातळ थरांनी, मधे ओल धरून गिलावा केला आणि वर काव किंवा नीळ घातलेली चुन्याचीच सफेदी दिली, तर ती भिंत श्वास घेते. अर्थात आधी पाया खचायचा थांबला असेल तरच. नाहीतर चुना काय आणि सिमेंट काय.

गोव्याच्या २०१० च्या बांधकाम नियमावलीत संवर्धन समिती आहे, आणि दर घराला पार्किंग किती हेही त्याच नियमावलीत आहे. एका हाताने दर्शनी भिंत सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या बुडाशी खड्डा मागायचा! या पट्टीत पार्किंगची अट माफ करा आणि तळघराला परवानगीच देऊ नका. खाडीपलीकडे पाटोला बहुमजली पार्किंग उभे आहे, ते पायी काही मिनिटांवर. तिथे गाडी लावायला ज्याला जमत नाही, त्याने फ्लॅट दुसरीकडे घ्यावा. तरीही खणायचेच असेल, तर आधी शेजाऱ्यांच्या प्रत्येक भेगेचे तारखेसह फोटो घ्या आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा. काच तडकली की समजावे, भिंत अजून हलते आहे. खड्ड्याच्या कडेने खोदून भरलेल्या पाइल्सची (जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांची) सलग रांग आधी, माती नंतर. ठोकून बसवायच्या पाइल्स इथे नकोत. पंपाचे पाणी टाकीत साठवून बघा, तळाला माती बसली तर काम तिथेच बंद. आणि मे संपायच्या आत खड्डा बंद झालाच पाहिजे.

ओस पडलेल्या घरांचे दुखणे वेगळे. घर आजोबांच्या नावावर, एक वारस लिस्बनला, दोन बांद्र्याला, इन्व्हेंतारचा (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या दाव्याचा) निकाल लागायचा आहे. मग कौले कोण बदलणार? तोवर पावसाने वासे जातात आणि 'धोकादायक इमारत' असा फलक लागतो. बिल्डर त्या फलकाचीच वाट बघत असतो.

जाता जाता रस्त्याचेही. दर हॉटमिक्सला (डांबरीकरणाला) जुना थर न खरवडता नवा चढवला जातो. त्यामुळे कित्येक घरांचे जोते रस्त्याच्या खाली गेले आहे आणि पावसाचे पाणी थेट उंबऱ्यावरून आत शिरते. याला कोणत्या समितीची परवानगी लागते, तेवढे एकदा छापा.

आपला,
एक वाचक, मळा, पणजी

ता. क. : कालच्या एकाच पानावर 'फोंटेनहास', 'फाउंटन हास' आणि 'फॉन्टेनास' अशी तीन रूपे आहेत. वारसा वाचवण्याची सुरुवात मुद्रितशोधनापासून केलीत तरी चालेल. आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर 'हेरिटेज परिसरात आलिशान फ्लॅट, तळघर पार्किंगसह' ही पानभर जाहिरात होती. तिच्यात मात्र स्पेलिंगची एकही चूक नाही.