कॅप 'न तुटणारी', पण कॅपच्या आतल्या दाढेचे काय?

संपादक महोदय,

'न तुटणारी कॅप, १५ वर्षांची वॉरंटी' अशा दातांच्या झिरकोनिया कॅपच्या जाहिराती हल्ली सोलापुरात बऱ्याच दिसतात. निव्वळ वॉरंटी कार्डावर भरवसा ठेवून कॅप बसवू नये, म्हणून हे पत्र.

झिरकोनिया हे कॅपसाठी वापरले जाणारे कठीण सिरॅमिक, पण ते सगळे सारखे नसते. पांढरट, अपारदर्शक प्रकाराची मजबुती ९०० ते १२०० मेगापास्कल (मजबुती मोजण्याचे एकक) भरते, जास्त पारदर्शक प्रकाराची साधारण ५०० ते ७००. लिथियम डायसिलिकेट हे काचयुक्त सिरॅमिक ४०० च्या आसपास असते, तर धातूवर चढवलेले पोर्सलिन जेमतेम १००. म्हणूनच धातूच्या कॅपवरचा टवका उडतो आणि आतला सांगाडा शाबूत राहतो. दाढेला पोर्सलिनचा थर नसलेले एकसंध झिरकोनिया बरे.

पण हे आकडे पुरेशी जाडी असेल तरच उपयोगाचे. दाढेवर डायसिलिकेटला सुमारे १.५ मिमी जागा लागते, झिरकोनियाला १ मिमी असलेली बरी. कॅपसाठी दाढ कमी घासली गेली की कॅप उंच लागते आणि मग ती तोंडातच बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) घासतात. पाण्याविना घासली तर उष्णतेने बारीक भेगा पडतात. पॉलिश केली नाही तर खरबरीत झिरकोनिया समोरचा चांगला दात झिजवते. घासलेल्या जागी जीभ फिरवून पाहा. खरखर लागली तर तिथेच पॉलिश करून मागा.

चिकटवण्यातही फरक आहे. डायसिलिकेटला आतून हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सिलेन (पकड वाढवणारे द्रव्य) लावतात. झिरकोनियात काच नसल्याने तिथे हे आम्ल चालत नाही. त्याला अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा झोत मारून एमडीपी (झिरकोनियाला धरणारे रसायन) असलेला प्रायमर, म्हणजे चिकटवण्याआधीचा थर, लावावा लागतो. कॅप बसवून पाहताना लाळ लागते, तिच्यातले फॉस्फेट झिरकोनियाला घट्ट धरते आणि पकड कमी होते. त्यामुळे हा झोत बसवून पाहिल्यानंतरच मारायला हवा.

नीट बनलेली कॅप आपल्या कडक भाकरीने फुटत नाही. खरा धोका अख्ख्या सुपारीचा आणि झोपेत दात खाण्याचा. झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचे आवरण) वापरलाच पाहिजे.

शिवाय कॅप शाबूत असूनही हिरडीलगतच्या कडेने दाढ किडते, ती वॉरंटीत येत नाही. तिथे रोज फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवावा. रूट कॅनाल केलेल्या दाढेला हिरडीच्या वर चहूबाजूंनी सुमारे २ मिमी भक्कम दात उरला आहे का, हे कॅपचे माप देण्याआधीच डॉक्टरांना विचारा, आणि झिरकोनिया नेमके कोणत्या प्रकारचे, ते बिलावर लिहून घ्या.

– एक दंतवैद्य, सोलापूर