गोठलेल्या तळ्याच्या काठावरून

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

भर हिवाळ्यात त्या तळ्याकाठी पाहण्यासारखे काय उरते, असे तू मागच्या पत्रात विचारलेस. आज सकाळी तिथूनच परतलो आणि बोटांत ऊब येताच लिहायला बसलो.

एरवी या पायवाटेवरून तळे झाडीआडून तुकड्यातुकड्यांनी दिसते. आता पाने गळल्यामुळे पहिल्या वळणावरूनच पलीकडचा काठ दिसतो, आणि ज्या झाडाखालून मी उन्हाळाभर गेलो त्याच्या बेचक्यात एवढे मोठे घरटे होते, हे मला आज कळले. फांदी हाती घेऊन नीट पाहिली, तर गळलेल्या प्रत्येक पानाच्या जागी देठाचा वण दिसतो आणि त्याच्या अगदी वर पुढच्या पालवीची कळी खवल्यांत मिटून बसलेली असते. ही कळी झाडाने उन्हाळ्यातच तयार करून ठेवलेली असते.

तळे काठापासून काठापर्यंत गोठले आहे. पाणी गार होत जाते तसे जड होऊन तळाशी जाते, पण ते ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून गार झालेले पाणी पुन्हा हलके होते आणि वरच राहते. म्हणून बर्फ वरून धरतो आणि त्याखाली, तळाशी, मासे फारशी हालचाल न करता हिवाळा काढू शकतात. एवढ्या एका गुणावर सगळ्या तळ्याचा जीव तगून आहे, हे मला दरवेळी नव्याने थक्क करते. काळजीही वाटते, कारण बर्फावर हिमाचा जाड थर फार दिवस राहिला तर प्रकाश आत पोहोचत नाही, पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो, आणि उथळ तळ्यातले मासे गुदमरून मरतात.

बर्फाला आवाज असतो, हे तुला सांगायचे राहिले होते. गारठा वाढला की तो आकसून तडकतो, आणि दूरच्या तड्याचा आवाज आधी बारीक, टोकदार आणि मग खोल होत कानी येतो, कारण बर्फाच्या थरातून उंच स्वर अधिक वेगाने धावतात. आज असा आवाज तीनदा आला, आणि तिन्ही वेळा मी जागच्या जागी थांबलो.

वाटेवर खारीच्या पाऊलखुणा होत्या. उडी मारताना तिचे मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात, म्हणून मोठे ठसे जिकडे, तिकडे ती गेली असे समजायचे. बर्फावर मात्र मी उतरत नाही. स्वच्छ, पारदर्शक बर्फही १० सेंटीमीटरहून पातळ असेल तर माणसाने त्यावर पाऊल ठेवू नये. पांढरट बर्फ तर त्याच्या निम्म्याच ताकदीचा असतो, आणि ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे तो नेहमीच पातळ राहतो.

त्याच मुखाशी आज हातभर पाणी उघडे होते आणि त्यातून वाफ निघत होती. तू आलास की आधी तिथेच जाऊ. जाड मोजे तेवढे आण.

तुझा स्नेहांकित