शहाबादी फरशीवर नुसता जॅक लावू नका

मा. संपादक साहेब,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाडीची किरकोळ कामं घरीच करा असं आलं होतं. चांगलंय, मी पण ब्रेकपॅड वगैरे घरीच बघतो, पण त्यात गाडी जॅकवर घ्या एवढं लिहून पुढं गेलात आणि खरी गोम तिथंच आहे.

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरात आमच्या घरापुढं मी पुढचं चाक काढायला घेतलं. अंगणात शहाबादी फरशी, आता ती सोलापुरात कुणाकडं नाही सांगा. खाली काळी माती, ती पावसात फुगती उन्हाळ्यात आकसती, मग फरशीखाली कुठं पोकळ झालंय ते वरनं काय कळत नाही. जॅकचं बूड तळहाताएवढं आणि त्यावर गाडीच्या एका कोपऱ्याचा सगळा भार, त्यात इंजिन पुढं म्हणजे वजन पण पुढंच जास्त. नट काढले, चाक ओढून बाजूला घेतलं आणि कट्‌कन आवाज आला, फरशीला तडा, जॅक तिरका, गाडी चाकामागच्या ब्रेकच्या डिस्कवर धाडकन खाली. मी चाक घेऊन दोन हात लांब होतो. बायको चहा घेऊन येत होती ती कप तिथंच ठेवून आधी माझे पाय बघायला लागली.

शेजारचे मामा, सगळी हयात ट्रकवर गेलेली, ते म्हणले, "जॅक उचलायला असतोय ओ, धरून ठेवायला नाही." गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक फक्त स्टेपनी बदलायला. हायड्रॉलिक असला तरी आतलं सील गळालं की गुपचूप खाली बसतोय. म्हणून उचलल्यावर खाली स्टँड, म्हणजे गाडीचा भार धरणारे लोखंडी पाय, लावायचे, पुढची दोन्ही चाकं काढायची तर दोन स्टँड, आणि दोन्हींची उंची एकाच खाचेवर, नाहीतर गाडी कलती. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक ठेवतात लोक, ते अजिबात नको, ते वाकत नाहीत डायरेक्ट फुटतात.

जॅक कुठं लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्रासकट असतंय, दाराखालच्या पट्टीला तिथं खाच असती. मी आता जॅकखाली जाड प्लायवूडची फळी टाकतो, म्हणजे भार पसरतो. डांबरी रस्त्यावर पण फळी पाहिजेच, आपल्याकडं दुपारी डांबर इतकं मऊ होतंय की चप्पल चिकटती. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, वर घेतल्यावर पान्याला हिसके दिले तर गाडी हलणारच की.

अजून एक, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना असतोय. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावायचे, गिअरमध्ये ठेवायची. स्टँडवर घेतली की हातानं हलवून बघायची आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड नसेल तर खाली डोकं घालायचंच नाही.

पुढच्या वेळी असलं काही छापाल तेव्हा स्टँडचा फोटो टाका. आणि तो गॅरेजमधल्या गुळगुळीत कोब्याचा नको, आमच्यासारख्या अंगणातला घ्या, लागली तर आमची फुटलेली फरशी अजून तशीच आहे.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर