लग्न नव्हतं आणि ट्रेनिंगही नव्हतं

सोलापूर,
10 जानेवारी

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा गुडघा आता बऱ्यापैकी वाकतो, असं दादानं कळवलं. बरं वाटलं. फोनवर आईचा आवाज चढला की मी निम्मं गाळून सांगते, म्हणून हे पत्र.

गेल्या तीन वर्षांत 'नाशिकला ट्रेनिंग', 'मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न' असं सांगून मी घराबाहेर पडले, तेव्हा ट्रेनिंग नव्हतं आणि कुणाचं लग्नही नव्हतं. मी डोंगर चढत होते. महाराष्ट्रातली सगळ्यांत उंच शिखरं, एकेक करून. मागच्या डिसेंबरात मी लंगडत होते, तेही बाथरूममध्ये पडून नव्हे. साल्हेर उतरताना घसाऱ्यावर पाय सटकला. मुकामार होता, बाकी काही नाही.

आई म्हणणार, "का गं, हितं काय कमी हाय?" डोंगरच कमी हायेत की! सगळं गाव सपाट, किल्लासुद्धा भुईकोट. समुद्रसपाटीपासून आपण जेमतेम साडेचारशे मीटर उंचावर आणि कळसूबाई 1646. पायथ्याच्या बारी गावातनं निघालं की आधी शेतं लागतात, मग कातळ, मग त्या लोखंडी शिड्या. दुसऱ्या शिडीवर खाली बघितलं आणि पाय थरथरायला लागले. मागनं एक गावातली आजी डोक्यावर बोचकं घेऊन आली आणि "सरक गं बाई" म्हणत पुढं गेली. तेव्हा मीही निघाले.

वर इवलंसं देऊळ आहे. तुझ्या पेटीतला इरकली खण नेला होता, तिथं ओटी भरली. (शोधत होतीस ना तो? तोच.) तिथली गोष्ट तुला आवडेल. कळसू ही कोळ्याची पोर. कामाला राहताना तिनं अट घातली की केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तेच काम गळ्यात पडलं. तिनं ते उरकलं आणि सरळ डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच.

बाबा, आता हिशेब. दुसरा नंबर साल्हेर, 1567 मीटर, राज्यातला सगळ्यांत उंच किल्ला. माथ्यावर परशुरामाचं देऊळ. खालच्या मैदानात 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्यावर हरवलं. तिथं बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. पुण्याच्या पोरांची बिस्किटं पिशवीतच राहिली.

पुढची यादी मात्र भांडणाची आहे. आपले डोंगर म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, म्हणून माथे बरेचदा सपाट. एका पठाराची दोन टोकं दोन शिखरं धरायची की एक? ज्याची त्याची यादी वेगळी. (तोच काळा दगड झिजून आपल्या शेतातली माती झालीय, हे मला साल्हेरवर कळलं. शाळेत कुणी असं सांगितलंच नाही.) महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट सुमारे 1440 मीटर, तिथं तर गाडी जाते. मी धरला. आणि आई, मिलच्या सहलीतला तुझा फोटो तिथलाच आहे, स्वेटर घालून कणीस खातेस तो. वहीत त्या शिखरापुढं तुझंही नाव लिहिलंय.

तिसऱ्या नंबरला माघार घ्यावी लागली. लहानपणापासून तुम्ही मला घनचक्कर म्हणता ना बाबा? त्या नावाचा डोंगरच आहे, रतनगडाच्या बाजूला, 1532 मीटर. धुकं उतरलं, डोक्याएवढ्या कारवीच्या झुडपांत वाट हरवली आणि दोन तास आम्ही गोल फिरलो. वाटाड्या म्हणाला, आता खाली. मला रडू आलं, पण उतरले.

त्या रात्री गाडीत तुमची आठवण येत होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वजामागं अनवाणी अडुसष्ट लिंगं फिरून आलात की तळवे सुजलेले असायचे आणि आई तेल चोळता चोळता बडबडायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा तुम्ही पुण्यात. यात्रेतली तुमची पांढरी बारबंदी मी धुऊन उन्हात घातलीय, मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा घनचक्करला जाणार आहे. चौघं आहोत, वाटाड्या तोच आहे. ह्या वेळी सांगून जातेय. बाबा, उतरताना गुडघ्यावर भार कमी यावा म्हणून काठी घेणार आहे. तुमची जुनी, पितळी मुठीची, माळ्यावर आहे ती चालेल का?

आई, फोन करशील तेव्हा आधी रागावून घे, मग बाबांकडं दे.

तुमची,
धाकटी