पाथ गेला म्हणून विंडोज पुसू नकोस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री "आई, आता सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकते" असे म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून माझे मन त्याच वाक्यापाशी अडकले आहे. सेटएक्सची (विंडोजची ही मूल्ये बदलणारी) आज्ञा देताना नवा फोल्डर जोडला जाण्याऐवजी सिस्टिमचा सगळा पाथच, म्हणजे आज्ञा व प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादीच, त्या एका फोल्डरने बदलली गेली आणि आता पिंगसारखी साधी आज्ञासुद्धा ओळखली जात नाही, एवढेच घडले आहे. तुझ्या प्रबंधाच्या एकाही फाइलला धक्का लागलेला नाही. धोका आहे तो सगळे पुसण्यात.

आधी संगणक बंद किंवा रीस्टार्ट करू नकोस. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना पाथसारख्या व्हेरिएबल्सची स्वतःची प्रत घेतो आणि नंतर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, बदलली तरी ती प्रत सहसा तशीच राहते. म्हणून जिच्यात तू ती आज्ञा दिलीस, ती कमांड प्रॉम्प्टची खिडकी अजून उघडी असेल, तर तिच्यात नुसते 'पाथ' (इंग्रजीत PATH) टाइप करून एंटर दाब. जुनी यादी दिसेल, ती नोटपॅडमध्ये जतन कर. त्या यादीत आधी सिस्टिमच्या आणि मागून तुझ्या खात्याच्या नोंदी असतात. सिस्टिमच्या तेवढ्या सिस्टिमच्या पाथमध्ये परत भर; खात्याच्या नोंदी वेगळ्या जागी सुरक्षित आहेत, त्या पुन्हा सिस्टिममध्ये भरू नकोस.

खिडकी बंद झाली असेल, तर कालच्या आधीचा रिस्टोअर पॉइंट (विंडोजने जपून ठेवलेली जुनी स्थिती) आहे का ते पाहा. त्याने रजिस्ट्री मागे जाते, तुझे दस्तऐवज जागेवर राहतात. मात्र मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम निघून जातात. तोही नसेल, तर विंडोज फोल्डर, त्यातील सिस्टिम३२ आणि सिस्टिम३२च्या आतील डब्ल्यूबेम, पॉवरशेलचा व्ही१.० व ओपनएसएसएच हे फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये हाताने भर, मग बाकीच्या प्रोग्रामांचे एकेक शोधून जोड. तासाभराचे काम आहे, पण त्यासाठी विंडोज पुन्हा टाकावे लागत नाही.

तू नेहमी घाई करतेस, जागरण करतेस, आणि दमल्यावर सगळे मोडून पुन्हा मांडावेसे तुला वाटते. हे मी पुन्हा बोलून गेले, राग मानू नकोस. आजोबांचे घड्याळ तू उघडलेस तेव्हा प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ठेवून शेजारी पेन्सिलने आकडे लिहिले होतेस, आणि दादा हसत असताना ते घड्याळ पुन्हा चालू केलेस. पाथमध्येही क्रमाला महत्त्व असते, कारण विंडोज डावीकडून एकेक फोल्डर पाहत जाते आणि जे आधी सापडेल तेच चालवते. ज्या मुलीने ते घड्याळ जुळवले तिला हे जमेल, याची मला खात्री आहे. तरी भीती वाटतेच.

यापुढे पाथ बदलायला सेटएक्स वापरू नकोस, १०२४ अक्षरांच्या पुढचे ते कापून टाकते. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सच्या यादीत नवी ओळ जोडावी, आणि त्याआधी रजिस्ट्रीतील सेशन मॅनेजरखालची एन्व्हायरन्मेंट ही 'की' (नोंदींचा कप्पा) एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची प्रत फाइलमध्ये काढून, ठेवावी. आणि तरीही विंडोज पुन्हा टाकावे असे वाटले, तर आधी प्रबंध दुसऱ्या ड्राइव्हवर उतरव आणि मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई