दूध परत वाढतं, सोनू

प्रिय सोनू,

काल फोनवर 'माझं दूध आटलं' म्हणताना तुझा रडवेला आवाज ऐकला आणि ठरवलं, सगळं नीट लिहूनच पाठवावं. फोनवर तुझं अर्धं लक्ष बाळाकडे असतं. पत्र रात्री पाजता पाजताही वाचता येईल.

तुझं दूध आटलेलं नाही. कमी झालंय, आणि का झालंय तेही दिसतंय. सिझेरियननंतर पहिले दोन-तीन दिवस बाळ तुझ्याजवळ फारसं दिलंच नाही, पावडरचं दूध सुरू झालं, मग 'भूक भागत नाही' म्हणत बाटल्या वाढत गेल्या. बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं, त्याने दूध तयार होतं. दुसरं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, सुटतं, त्याने पान्हा फुटतो. आणि छातीत दूध साठून राहिलं की शरीर आपोआप कमी बनवायला लागतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ छातीशी कमी ओढतं, की पुढच्या वेळी आणखी कमी येतं. हे चक्र उलटं फिरवता येतं. प्रसूती वॉर्डात इतकी वर्षं काढली, अपुऱ्या दिवसांची बाळं पेटीत असताना त्यांच्या आया बाळ छातीशी नसतानाही निव्वळ हाताने दूध काढून काढून वाढवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याकडे तर अडीच महिन्यांचं चांगलं चोखणारं बाळ आहे.

पण आधी एक. बाळाचं वजन खरंच कमी भरलंय, तेव्हा वरचं दूध एकदम बंद करायचं नाही. भुकेलेलं, दमलेलं बाळ नीट ओढतही नाही. पाणी घालून पावडर पातळ करणं तर अजिबात नको. बाळाचं पोट भरलंच पाहिजे, त्याच्या जोडीने आपण दूध वाढवायचं.

आता पाजण्याचं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा तरी छातीशी घे, आणि रात्रीचं पाजणं चुकवू नकोस, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. घरातले मायेपोटी म्हणतील, 'रात्री आम्ही बाटली देतो, तू झोप.' त्यापेक्षा त्यांना म्हणावं, दुपारी बाळाला दोन तास सांभाळा, म्हणजे मी झोपते. प्रसादरावांनी लंगोट बदलून बाळ आणून हातात दिलं, ढेकर काढून परत झोपवलं, तरी रात्रीचं निम्मं काम हलकं होईल.

बाळ कसं लागतंय हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. पाठीला उशी घेऊन टेकून बस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागेल असं वळव. तोंड एकीकडे आणि धड दुसरीकडे नको. नाक स्तनाग्रासमोर येऊ दे. वरच्या ओठाला स्तनाग्र टेकलं की ते जांभई दिल्यासारखा आ करेल, त्याच क्षणी त्याला जवळ ओढ. तू वाकून छाती त्याच्या तोंडात घालू नकोस, पाठही धरते आणि पकडही उथळ होते. नीट लागलं की हनुवटी छातीत रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी. गाल आत जात असतील, चट्चट् आवाज येत असेल किंवा पाजताना सारखं दुखत असेल, तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल. आधी ते भराभर चोखेल, मग संथ, खोल घोट सुरू होतील आणि गिळल्याचा बारीक आवाज येईल. घोट थांबले, पेंगायला लागलं, की काळ्या भागाच्या मागे छाती मुठीत धरून हलकेच दाब. दूध सुटून ते पुन्हा गिळायला लागतं. दाबूनही काही होईना की बाजू बदल, मग परत पहिली.

पाजून झालं की दोन्हीकडून दहा-पंधरा मिनिटं दूध काढ, हाताने किंवा पंपाने. दिवसातून एकदा तासभर असं कर: २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप. सुरुवातीला तळाशी थेंबच दिसतील. ते बघून निराश होऊ नकोस. पंपात किती आलं यावरून छातीत किती आहे हे कळत नाही, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. निघेल ते बाळालाच दे.

वरचं दूध छातीशी पाजल्यानंतर, वाटी-चमच्याने किंवा बारशाला आलेल्या त्या बोंडल्याने दे. बाटलीचा सोपा ओघ लागला की बाळ छातीशी कंटाळतं. रुसून छाती सोडतच असेल तर एक युक्ती आहे: बारीक नळीचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं स्तनाग्रापाशी चिकटवायचं. ते ओढेल तुझी छाती, आणि मिळेल दोन्ही. मी आले की दाखवते. वजन वाढायला लागलं की डॉक्टरांना विचारून वरचं दूध दिवसाकाठी साधारण ५० मिलीने, दर काही दिवसांनी कमी करत जाऊ.

दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतायत ना, आणि आठवड्याला वजन वाढतंय ना, एवढंच बघ. छाती पूर्वीसारखी टचटचून भरत नाही म्हणून घाबरू नकोस, सहा आठवड्यांनंतर ती मऊच होते. बाळ मलूल झालं, पाजायला उठेना किंवा लघवी कमी, गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

तुझीही तपासणी करून घे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायला सांग. बाळंतपणानंतर गर्भनिरोधक गोळ्या दिल्या असतील तर त्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखव. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी दूध कमी होतं. काही सर्दीच्या गोळ्यांनीही होतं. दूध वाढवायचं औषध मैत्रिणीच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नकोस, ते डॉक्टरांनी द्यायचं.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी जरूर खा. पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण लाडू खाल्ला आणि बाळ छातीशी घेतलंच नाही, तर दूध वाढणार नाही. विहीणबाई प्रेमाने करतायत, त्यांना तसं तोडून बोलू नकोस. फक्त बाळाला घुटी, मध, पाणी काही नको, हे मी त्यांच्याशी बोलेन.

आणि समजा पूर्ण दूध आलं नाही, निम्मंच आलं, तरी तेवढं आईचं दूध त्याच्या पोटात जातंय. वरचं दूध दिलंस म्हणून तू कमी आई ठरत नाहीस, कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघते. डॉक्टरांची वेळ शनिवारची घे, आणि दोन दिवस बाळाने किती वेळा प्यायलं, किती लंगोट ओले झाले ते एका कागदावर लिहून ठेव. विहीणबाईंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी आई